घर सांभाळताना : समुद्राला पंखा

मागच्या दिवाळी अंकात मी बाल्कनीतला कढीपत्ता जर्मन हिवाळ्यातून कसा वाचवला ते लिहिलं होतं. त्यानंतर वर्षभर गणपतीत, कोजागिरीला, अगदी सुपरमार्केटच्या रांगेतसुद्धा तुम्ही मला गाठून "आमचा पिवळा पडलाय, काय करू?" असं विचारत होतात. त्यामुळे यंदा जरा जपून विषय निवडायचं ठरवलं होतं. पण आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा चहा यायच्या आधी जिच्यासमोर जाऊन उभा राहतो, आणि जिच्याबद्दल "किती काम पडतं हो याचं?" असं हमखास विचारतो, त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना. शिवाय या मंडळातल्या निदान तीन घरांत सध्या हाच हट्ट चालू आहे, हे मला माहीत आहे. पालकांनो, हा लेख तुमच्यासाठी.

सुरुवात व्हिल्हेल्मात झाली. श्टुटगार्टमध्ये राहून व्हिल्हेल्माच्या मत्स्यालयात गेला नाही असा मराठी माणूस नसेल. मला स्वतःला तिथे गेलं की शाळेच्या सहलीत पाहिलेलं मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय आठवतं. १९५१ साली सुरू झालेलं, मरीन ड्राइव्हवरचं. तिथे आम्ही पुण्याच्या मुली काचेला नाक लावून उभ्या होतो आणि बाई मागून "पुढे चला, पुढे चला" म्हणत होत्या. माझा लेक मात्र व्हिल्हेल्मातल्या प्रवाळांच्या टाकीसमोरून पुढे चालायलाच तयार नव्हता. मासे नाही, प्रवाळ. दहाव्या वाढदिवसाला त्याने तेच मागितलं. मी अट घातली : आधी सहा महिने वाचायचं, वहीत लिहायचं, मग बघू. मला वाटलं विसरेल. तो वही भरून घेऊन आला. शिक्षिकेच्या पोटी जन्मल्याचा त्याने असा सूड घेतला.

आम्ही घेतलेली टाकी ८० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. म्हणजे १६२ लिटर. खाली कपाटात एक छोटी टाकी, तिच्यात गाळणीची यंत्रं. तिच्यातलं पाणी धरून एकूण १८० लिटरच्या आसपास. काच, दगड, कपाट सगळं मिळून वजन अडीचशे किलोच्या वर जातं. आमचं घर जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, थेट छपराखाली, लाकडी तुळयांची जमीन. अशा घरांत टाकी खोलीच्या मध्ये ठेवायची नाही, भार पेलणाऱ्या भिंतीलगत, तुळयांना आडवी ठेवायची, आणि घरमालकाला आधी विचारायचं. आम्ही विचारलं. विमा कंपनीलाही पत्र लिहून "टाकी फुटून खालच्या घरात पाणी गेलं तर भरपाई मिळेल का?" हे लेखी विचारून घेतलं. जर्मनीत राहून एवढं तरी शिकलोय आपण.

फेस काढायचं यंत्र

गोड्या पाण्याची टाकी ज्यांनी सांभाळली आहे, त्यांना फिल्टर म्हणजे स्पंजने भरलेला डबा एवढंच ठाऊक असतं. तो डबा इथलाच, आपल्या शेजारचा. एस्लिंगेनला सुरू झालेली, आधी खेळण्यातल्या ट्रॉलीबस करणारी एहाइम ही कंपनी १९६०च्या दशकात या बाहेरच्या फिल्टरसाठी प्रसिद्ध झाली. गोड्या पाण्याला तो उत्तम. पण प्रवाळांच्या टाकीत त्याची एक अडचण आहे. माशांची विष्ठा आणि उरलेलं अन्न स्पंजात अडकतं आणि तिथेच कुजतं. कुजण्यातून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्रेट माशांना थोडंफार चालतं, प्रवाळांना साचलेलं चालत नाही. दर आठवड्याला स्पंज धुतला तर ठीक, नाहीतर गाळणीच घाण तयार करू लागते. चहाची गाळणी न धुता महिनाभर वापरल्यासारखं.

प्रवाळवाल्यांचा उपाय वेगळा, आणि तो रुजवण्यात जर्मन हौशी लोकांचा वाटा मोठा. १९७०-८०च्या दशकांत बर्लिनमधल्या हौशी मंडळींनी जी पद्धत बसवली, तिला जगभर आजही बर्लिन पद्धतच म्हणतात. तीत स्पंजाला काम जवळजवळ नाहीच. तीन गोष्टी : छिद्रांचा दगड, ज्याच्या आतबाहेर जिवाणू राहतात, भरपूर उजेड आणि वाहतं पाणी, आणि स्किमर. जर्मन दुकानदार त्याला 'आयवाइस-अबशॉयमर' म्हणतात, म्हणजे प्रथिनांचा फेस काढणारा.

स्किमर कसा चालतो हे मी लेकाला स्वयंपाकघरात दाखवलं. डाळ उकळताना वर फेस येतो, तो आपण डावाने काढून टाकतो. स्किमरच्या नळकांड्यात बारीक बारीक बुडबुडे सोडतात. माशांच्या पाण्यात विरघळलेले प्रथिनांचे आणि चरबीचे कण बुडबुड्यांच्या अंगाला चिकटतात, बुडबुड्यांबरोबर वर चढतात आणि वरच्या पेल्यात गडद तपकिरी, वास मारणारं पाणी होऊन साचतात. आठवड्यातून दोनदा तो पेला धुवायचा. कुजण्याच्या आधीच घाण बाहेर, हा त्याचा मोठा गुण. खाऱ्या पाण्यात बुडबुडे लहान राहतात म्हणून हे जमतं. गोड्या पाण्यात ते एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात. किनाऱ्यावर फेस येतो आणि तळ्याकाठी येत नाही, त्याचं कारण बहुतांशी हेच.

निवडताना आम्ही शिकलो ते असं. खोक्यावर "२०० लिटरपर्यंत" लिहिलं असेल तर तो आकडा कमी मासे असलेल्या टाकीचा असतो. आपल्या पाण्याच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घ्यावा. खालच्या टाकीत मावतो का ते टेप घेऊन मोजावं, पेला वर उचलायला जागा उरते का तेही. आणि दुकानात चालू करून आवाज ऐकावा, कारण घरात रात्री दहानंतर तो तिप्पट वाटतो. बव्हेरियातल्या पेन्झबर्गची टुन्झे, ओस्नाब्रुकजवळच्या बिसेनडोर्फची अॅक्वा मेडिक अशा जर्मन कंपन्यांचे सुटे भाग वर्षानुवर्षं मिळतात, हा इथे राहण्याचा फायदा. स्वस्त यंत्राचा पंप दोन वर्षांनी बंद पडला आणि भाग मिळाला नाही, तर यंत्रच फेकावं लागतं.

स्किमरच्या जोडीला दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं. नळाचं नाही. आपल्याकडच्या नळाच्या पाण्याने किटलीत जो पांढरा थर बसतो, तो सगळ्यांना माहीत आहे; त्याशिवाय नळाच्या पाण्यात नायट्रेट आणि सिलिकेट असतात, ते टाकीत तपकिरी शेवाळ आणतात. म्हणून आरओची गाळणी लागते. एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर वाया जातं. ते मी बादलीत धरते आणि लादी पुसायला, झाडांना वापरते. कढीपत्त्यालाही.

आणखी एक चाचणी, जी कुठल्याही खोक्यावर लिहिलेली नसते : टाकी भरली की मुद्दाम वीज बंद करून बघा. पंप थांबला की वरचं काही पाणी खालच्या टाकीत उतरतं. तिच्यात तेवढी जागा नसेल तर ते जमिनीवर येणार. आमच्याकडे पहिल्या दिवशी चार टॉवेल भिजले. वायरला प्लगच्या खाली झोळ द्यायचा, म्हणजे थेंब ओघळला तरी झोळातून खाली गळतो, प्लगमध्ये जात नाही. जुन्या घरात गळती-संरक्षक स्विच आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या. खारं पाणी आणि वीज यांची दोस्ती नको.

एवढं करून दीड-दोन महिने थांबलो, मग एकेक प्राणी आणला. दोन विदूषक मासे, एक साफसफाई करणारी कोळंबी, काही मऊ प्रवाळ. आणि वसंतात, लेकाच्या साठवलेल्या पैशांतून, एक गुलाबी फांद्यांचा दगडी प्रवाळ. इथल्याच एका हौशी माणसाच्या टाकीत वाढलेल्या प्रवाळाचा तो अंगठ्याएवढा तुकडा होता. प्रवाळ घ्यायचे तर असेच घ्यावेत, समुद्रातून तोडलेले नव्हेत. दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटिस करारानुसार चालतो; विक्रेत्याकडून तुकडा कुठून आला याचा कागद मागून घ्या आणि जपून ठेवा.

बाटल्यांचा उन्हाळा

मग आला मागच्या वर्षीचा जुलै.

जर्मनीत उन्हाळा कसला, असं भारतातल्या नातेवाइकांना वाटतं. त्यांच्यासाठी सांगते : २५ जुलै २०१९ला डुइसबुर्गजवळ ४१.२ अंश नोंदले गेले, आणि इथल्या घरांत एसी जवळजवळ नसतोच. घरं बांधलेली असतात थंडीसाठी. छपराखालचं घर दुपारी तापतं आणि रात्री निवत नाही. श्टुटगार्ट तर वाटीत बसलेलं गाव, वारा आत येत नाही.

प्रवाळांना २५ अंशांच्या आसपास बरं वाटतं. २८-२९ला ती ताणात येतात, आणि त्याच्या वर बरेच दिवस राहिलं तर त्यांच्या पेशींत राहणारं, त्यांना अन्न आणि रंग देणारं सूक्ष्म शैवाल बाहेर पडतं. मागे पांढरा सांगाडा दिसू लागतो. जगभरच्या समुद्रांत हेच चाललं आहे. एप्रिल २०२४मध्ये शास्त्रज्ञांनी चौथी जागतिक प्रवाळ-विरंजनाची लाट जाहीर केली, आणि आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदी आहेत. शिवाय पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात.

आमच्याकडे थंड करायचं यंत्र नव्हतं. "आठवडाभराचा प्रश्न आहे" असं म्हणत मी फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवल्या. दर दोन तासांनी एक बाटली खालच्या टाकीत सोडायची, वितळलेली परत फ्रीजरमध्ये. पहाटे पाचला खिडक्या उघडायच्या, आठला बंद, बाहेरच्या झडपा खाली. भाज्यांना फ्रीजरमध्ये जागा राहिली नाही. नवरा ऑफिसात, लेक शाळेत. मी घरी. आठवड्याचे दोन आठवडे झाले.

त्या दोन आठवड्यांत एक दिवस माझी मुलाखत होती. पुण्यात मी सहा वर्षं माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. एमए, बीएड. इथे आल्यावर ती कागदपत्रं फायलीत गेली, पुढे भाषेच्या परीक्षा, मग लेक. त्या वर्षी मी पहिल्यांदाच एका शाळेत दुपारच्या सत्रात मुलांची देखरेख आणि अभ्यास घेण्याच्या कामासाठी अर्ज केला होता. मुलाखत लांबली, ट्राम बंद पडली, मी साडेपाच तासांनी घरी आले. बाहेर ३६ अंश. टाकी ३०.५. मी घाबरून एकदम तीन बाटल्या सोडल्या, ही आणखी एक चूक. पाणी तासाभरात झपकन उतरलं. प्रवाळांना उष्ण पाण्याइतकाच चढउताराचाही त्रास होतो.

मासे वाचले. गुलाबी प्रवाळाची कातडी चार दिवसांत बुडापासून सुटत गेली. लेक टाकीसमोर काही न बोलता बसला होता. संध्याकाळी नवऱ्याने अगदी सहज विचारलं, "पण तू घरी होतीस ना?"

त्याच्या मनात काही नव्हतं. तो विसरला होता मुलाखत कधी आहे ते. पण तो प्रश्न मला पुढे कितीतरी दिवस ऐकू येत होता. ते काम मला मिळालं, आणि मी नाही म्हणून कळवलं. घर, लेक, ऑगस्टमध्ये भारतवारी, अशी कारणं दिली. टाकी हेही त्यांतलं एक होतं. खरं सांगायचं तर टाकीचं निमित्त झालं. मला पंधरा वर्षांनी लहान मुलीसमोर बसून मुलाखत देताना जी भीती वाटली होती, तिला मी बाटल्यांच्या मागे लपवलं.

तक्ता

हिवाळ्यात डोकं शांत झाल्यावर मी वही काढली. शिक्षिका काय करणार, तक्ता करणार. थंड करण्याचे सगळे उपाय, प्रत्येकाची किंमत, वीज, आवाज, आणि शेवटचा रकाना : "कोण लागतं?" पहिल्या ओळीत लिहिलं : गोठवलेल्या बाटल्या. किंमत शून्य. आवाज शून्य. कोण लागतं : मी, दिवसभर. तो तक्ता फ्रीजवर लावला. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी कॉफी घेताना वाचला. बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "ही ओळ खोडू या." एवढंच.

तर तक्त्यातले मुख्य उपाय दोन.

पहिला, पंखे. टाकीच्या काठाला अडकवायचे छोटे पंखे, पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडणारे. तत्त्व आपल्या माठाचं. पाण्याची वाफ होताना ते उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. एका लिटरची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल लागतात. आमच्या १८० लिटरचं तापमान त्याने तीन अंशांच्या वर उतरावं, बाहेरून उष्णता आत आली नाही तर. अर्थात ती येतच असते. उकाड्याच्या दिवशी आमच्या टाकीतून चार लिटर पाणी उडतं. म्हणजे पावणेतीन युनिटांइतकी उष्णता बाहेर, आणि त्यासाठी १५ वॅटचा पंखा चोवीस तासांत खातो ०.३६ युनिट. आमच्या दराने बारा-तेरा सेंट. पन्नास-साठ युरोचा पंखा एवढं करतो. भूगोल शिकवणाऱ्या बाईला याहून आनंद तो काय!

दोष तीन. हवा दमट असेल, वादळापूर्वीची ती चिकट संध्याकाळ असते ना, तेव्हा वाफ कमी होते आणि नेमका तेव्हाच पंखा हात टेकतो. दुसरं, उडणारं पाणी घराच्या हवेत जातं. खिडक्या उघडून हवा खेळवली नाही तर भिंतींना बुरशी, आणि बुरशीवरून घरमालकाशी पत्रव्यवहार कोणाला हवाय? तिसरं, पाणी उडतं पण मीठ मागे राहतं. रोज चार लिटर भरले नाहीत तर टाकी खारट होत जाते. भर घालायची ती शुद्ध पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. यासाठी आपोआप पाणी भरणारं यंत्र मिळतं, पण त्यालाही शेजारी पाण्याचा डबा लागतो. सहा आठवड्यांचे होतात १६८ लिटर. तो डबा कोण भरणार?

दुसरा उपाय, शीतयंत्र. हा टाकीचा फ्रीज. पंप पाणी त्यातून फिरवतो, कॉम्प्रेसर ते थंड करतो, ठरवलेल्या अंशावर आपोआप बंद होतो. हवा दमट असो वा कोरडी, त्याला फरक पडत नाही आणि पाणीही उडत नाही. आमच्या मापाचं पाचशे युरोच्या आसपास. तेवढीच पावणेतीन युनिटं उष्णता काढायला ते सव्वा-दीड युनिट वीज खातं, म्हणजे दिवसाला पन्नास सेंटच्या आत. वर्षात असे चाळीस दिवस धरले तर वीस युरो. मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ कमी. खरा दोष वेगळा : पाण्यातली उष्णता आणि स्वतःची, दोन्ही ते खोलीतच टाकतं. बंद कपाटात ठेवलं तर स्वतःचीच गरम हवा ओढून दमतं. आम्ही ते दिवाणखान्याबाहेरच्या बोळात ठेवलं आहे, वॉशिंग मशीनखाली घालतात तसल्या रबरी चटईवर, नळ्या दाराच्या कडेने. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायचं नव्हतं.

माप निवडताना टाकीचे लिटर पाहून भागत नाही. खोली किती तापते आणि पाणी किती हवं, यांतला फरक महत्त्वाचा. आमची खोली ३३ला गेली होती, पाणी हवं २६. सात अंशांचा फरक. कंपनीच्या तक्त्यात तो आकडा बघून आम्ही एक माप मोठं घेतलं. म्हणून सांगते, काहीही विकत घ्यायच्या आधी दहा युरोचा तापमापक घ्या आणि उन्हाळ्यातला एक आठवडा सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री दहा वाजता खोलीचं आणि पाण्याचं तापमान लिहून काढा. त्या एकवीस ओळी दुकानदाराच्या सल्ल्याहून मोलाच्या आहेत.

त्याच्याही आधी, उष्णता येऊच देऊ नका. टाकीचे दिवे दुपारी न लावता संध्याकाळी लावा, प्रवाळांना घड्याळ कळत नाही. वरचं झाकण काढून जाळी बसवा, मासे उडी मारतात म्हणून जाळी. कमी विजेचे पंप घ्या. पंपाने खाल्लेली बहुतेक वीज शेवटी पाण्यात उष्णता होऊनच उतरते. एवढ्यानेच आमची टाकी दीड अंशाने खाली आली.

आम्ही दोन्ही घेतलं. रोजच्या उन्हाळ्याला पंखा, आणि तो हरला की शीतयंत्र. पंखा २६ला सुरू, शीतयंत्र २६.८ला. यातही मी एक घोटाळा केला. हिवाळ्यासाठीचा हीटर २६वर लावलेला तसाच राहिला आणि पंखा चाचणीसाठी २५.५वर. रात्रभर एक तापवतोय, दुसरा निववतोय, दोघंही कामसू. विजेचा मीटर पाहिला तेव्हा कळलं. हीटर आणि पंखा यांत निदान एक अंशाचं अंतर ठेवा. आता हीटर २४.५ला बंद होतो.

मालवणातून

बाडेन-व्युर्टेमबर्गच्या शाळांना सुट्टी जुलैच्या शेवटी लागते, त्यामुळे आपण सगळे ऑगस्टमध्येच भारतात जातो, आणि इथल्या उन्हाळ्याचाही भर तेव्हाच. यंदा पहिल्यांदा टाकीला एकटं सोडून गेलो. खालच्या मजल्यावरच्या आजी एक दिवसाआड येऊन मासे बघणार, स्किमरचा पेला धुणार आणि पाण्याचा डबा भरणार, असं ठरलं. त्यांना मी जर्मनमध्ये एक पानभर सूचना लिहून दिल्या. त्यांनी व्याकरणाच्या दोन चुका लाल पेनाने दुरुस्त करून परत दिल्या. त्याही निवृत्त शिक्षिका.

मालवणला सासूबाईंकडे होतो. लेक रोज फोनवर तापमान बघायचा. सासूबाईंनी विचारलं, काय बघतोस? त्याने सगळं सांगितलं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय गो, समुद्राक पंखो?" आणि पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. मग त्यांनीच माळ्यावरून एक जुना, पांढरा, वाळलेला प्रवाळ काढून लेकाच्या हातात ठेवला, टाकीत घाल म्हणून. त्याला तो हवाच होता. मी नाही म्हटलं. भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, आणि इथल्या विमानतळावर सायटिसचा कागद मागतात. किनाऱ्यावर सापडला, घरात होता, हे उत्तर चालत नाही. तुमच्याही मुलांना हे सांगून ठेवा. सामानात निघाला तर पंचाईत.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, १९८७पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे, हे मी वर्गात कितीदा शिकवलं होतं. पण पावसाळ्यात होड्या बंद असतात, समुद्र मातकट, दाखवणार काय? आम्ही किनाऱ्यावर नुसते उभे राहिलो. लेकाने विचारलं, "आई, इथलं पाणी गरम झालं तर कोण बघतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या घरी वीज जाळून १८० लिटर पाणी २६ अंशांवर ठेवलं जातंय, आणि समोर जे आहे त्याला ना पंखा ना शीतयंत्र. मी त्याला तेच सांगितलं. तो काही बोलला नाही, फोन खिशात ठेवला आणि पावसात भिजत राहिला.

त्या रात्री फोन वाजला. टाकी २७.३. मी उठून बसले. इथे रात्रीचे दीड, तिकडे संध्याकाळचे दहा. नवरा म्हणाला, "थांब, अर्धा तास बघू." अर्ध्या तासाने २६.९. मग २६.६. शीतयंत्र चालत होतं. कोणीही बाटली सोडली नव्हती. मी परत झोपले, आणि गेल्या दोन उन्हाळ्यांतली ती सगळ्यात गाढ झोप होती.

सप्टेंबरमध्ये मी त्याच शाळेला पुन्हा लिहिलं. जागा रिकामी होती. आता आठवड्यातले चार दिवस दुपारी साडेबारा ते साडेचार मी घरी नसते. अजून शिक्षिका नाही म्हणवत, पण परवा एका मुलाला मोसमी वारे समजावून सांगताना मी फळ्याजवळ गेले आणि हात आपोआप खडूकडे गेला.

तर हट्ट चालू असलेल्या घरांना माझं सांगणं एवढंच. स्किमर कोणता, पंखा की शीतयंत्र, हे सगळं ठरवा, जरूर ठरवा. पण त्याआधी एक कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येक माणसाचा दिवस त्यावर लिहा. ज्या यंत्रयादीत "आई घरी असतेच" हा एक भाग धरलेला असेल, ती यादी अपुरी आहे. तो भाग बाजारात मिळत नाही, आणि बिघडला तर त्याचे सुटे भागही मिळत नाहीत.

गुलाबी प्रवाळाच्या जागी दुसरा तुकडा आणला आहे. अंगठ्याएवढाच. टोकांना नवी पांढरट वाढ दिसते आहे, ती वाढ आहे, विरंजन नाही, हे लेकाने मला भिंगातून दाखवलं. दिवाळीला फराळाला या, तुम्हालाही दाखवेल. चपला मात्र आधी काढा.

सगळ्यांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.